सल्ला हवाय: गुळाच्या साइटवर सर्चमधून गिऱ्हाईक येत नाही, ब्लॉग लिहून खरंच फरक पडतो का? (बजेट महिना 2000)

गूळवाली_करवीर
नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे, आजेसासऱ्यांपासूनचं. पूर्वी सगळे रवे (गुळाच्या मोठ्या ढेपा) कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात सौद्याला जायचे. गेले तीन हंगाम मी थोडा माल बाजूला काढून 1 किलोच्या ढेपा, पावडर आणि काकवी थेट पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवते. गिऱ्हाईक सगळं ओळखीतून वाढलेलं. आता ते थांबल्यासारखं झालंय, नवीन माणूस येत नाही.

गेल्या वर्षी एकाकडून वर्डप्रेसवर साइट करून घेतली. त्यानंच ब्लॉग म्हणून 14 लेख टाकून दिले, "गूळ खाण्याचे 10 फायदे", "गूळ चांगला की साखर" असले. वर्ष झालं, साइटवरून एकही ऑर्डर नाही. गुगलवर शोधलं तर आम्ही कुठंच नाही.

मला विचारायचंय की ब्लॉग चालवण्यात अर्थ आहे का, लिहायचं तर काय, आठवड्याला किती, मराठीत की इंग्रजीत. बजेट आधीच सांगते, महिन्याला 2000. यंदा चुलवाण नव्यानं बांधलंय, त्यामुळं 2000 च्या वर एक रुपया नाही. वेळ रविवारी दुपारचे दोन तास. फोटो मोबाइलवर काढते. मराठी बरं लिहिता येतं, इंग्रजी नाही.

चप्पललाईन_तिसरी_पिढी
ताई, "पहिला नंबर गॅरंटी" म्हणणारा कोण आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. मी महिना 15 हजार असे सहा महिने भरलेत. त्यांनी कुठल्या कुठल्या साइटवर आमची लिंक लावली, त्यातल्या निम्म्या परदेशातल्या जुगाराच्या निघाल्या. दोन महिने वर आलो. मग असा खाली गेलो की दुकानाचं नाव टाकलं तरी दुसऱ्या पानावर. विकत घेतलेल्या लिंका गुगलच्या नियमात बसतच नाहीत, हे मला नव्वद हजार गेल्यावर कळलं.

चाललं काय ते पण सांगतो. माझ्या पोरीनं आमच्या वडलांना समोर बसवून एक पान लिहिलं, "खरी कोल्हापुरी कशी ओळखायची". तळाला खिळा नसतो, शिवण चामड्याच्या वादीची असते, चामडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं असतं, त्याचा वास कसा येतो, सगळं. दोन वर्षं त्या पानाकडं कुत्रं फिरकलं नाही. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दिसली आणि सगळा देश कोल्हापुरी शोधायला लागला. तेव्हा आमचं पान आधीच तयार होतं. त्या पंधरवड्यात फोन खाली ठेवायला सवड नव्हती. कापशी संपल्या, गोंड्याच्या संपल्या, शेवटी लहान मापाच्या तेवढ्या राहिल्या.

सीमाभागातला
दादा, चप्पल फक्त तुमच्या चप्पल लाईनचीच असल्यासारखं लिहू नका. जीआय (भौगोलिक ओळखीची सरकारी नोंद) आठ जिल्ह्यांना मिळालाय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत घरटी बायका वेण्या विणत बसलेल्या असतात, त्यांचं नाव कुठल्या पानावर येतं?

चप्पललाईन_तिसरी_पिढी
आमच्या पानावर अथणीचा उल्लेख आहे, वाचून बघा. आम्ही तळ तिथूनच आणतो. कारागिराला कमी लेखायचं माझ्या मनात कधी आलं नाही.

सीमाभागातला
वाचलं. शेवटून तिसऱ्या ओळीत आहे. वर घ्या.

उद्यमनगर_कास्टिंग
आमचा अनुभव. आमची फाउंड्री, गिऱ्हाईक म्हणजे पंप आणि व्हॉल्व्ह करणारे कारखाने. आधी आम्हीपण "आमची कंपनी 1988 पासून गुणवत्तेसाठी कटिबद्ध" असले लेख टाकायचो. कुणी वाचलं नाही. मग आमच्या मेथड्सवाल्या साहेबांनी कास्टिंगला ब्लोहोल (वायूमुळं पडणारी पोकळी) का पडतात, वाळूतली ओल किती असली की काय होतं, यावर इंग्रजीत लिहिलं. महिन्याला मोजून चाळीस-पन्नास जण ते पान उघडतात. पण कोइम्बतूरची एक पार्टी त्याच पानावरून आली आणि आज तिचा माल दर महिन्याला जातोय. पन्नास माणसं आली तरी पन्नासच्या पन्नास कामाची.

तुम्ही एक चांगला लिहिणारा ठेवा. आम्ही महिन्याला 25 हजार देतो, वसूल होतंय.

गूळवाली_करवीर
दादा, बजेट 2000 आहे.

उद्यमनगर_कास्टिंग
हो, पण धंदा वाढवायचा तर एवढ्यावर भागत नाही. पहिल्यांदा हात सोडावा लागतो.

वेब_राजारामपुरी
बारा वर्षं साइट बनवतोय, म्हणून हक्कानं सांगतो. लेख प्रत्येकी किमान 2000 शब्दांचा पाहिजे, आठवड्याला दोन पाहिजेत, मेटा कीवर्डमध्ये (पानाच्या कोडात लपलेले शोधशब्द) 30-40 शब्द भरून टाका. साइटचा वेग बघा. तुमची साइट आत्ता उघडली (प्रोफाइलवर पत्ता आहे), पहिल्याच पानावर ढेपेचा फोटो 7 एमबीचा आहे. एसटीत बसलेल्या माणसाच्या मोबाइलवर तो येईपर्यंत तो परत गेलेला असतो. फोटो 200 केबीच्या खाली आणा, वेबपी या हलक्या फाइल प्रकारात करा, प्रत्येकाला ऑल्ट मजकूर (फोटोत काय आहे ते शब्दांत) द्या. हे सगळं मी 12 हजारात करून देतो.

पन्हाळा_रोड_होमस्टे
ब्लॉग-बिग सोडा ताई. गुगल बिझनेस प्रोफाइल भरा, फुकट आहे. फोटो टाका, वेळा टाका, जेवून गेलेल्या प्रत्येक पाहुण्याकडनं रिव्ह्यू मागा. आमच्या सगळ्या खोल्या त्यावर भरतात. आणि रील्स करा. काहिलीतनं वाफ निघतीय, रस उकळतोय, लोक वेडे होतात असलं बघून.

एक सावधगिरी. मी त्या प्रोफाइलसोबत मिळायची ती मोफत साइट वापरायचो आणि पन्हाळ्याची सगळी माहिती, तबक उद्यान, अंधारबाव, पावनखिंडीच्या वाटेची, तिथंच लिहिली होती. मार्च 2024 ला ती सोय बंद झाली. मी कॉपी ठेवली नव्हती. दीड वर्षाचं लिखाण गेलं, त्यात माझ्या आईनं सांगितलेल्या गडावरच्या गोष्टी होत्या. जे लिहाल त्याची प्रत आपल्याकडं ठेवा.

गुजरी_साज
रिव्ह्यूंचं बरोबर आहे, पण होमस्टेला माणूस स्वतः येतो. गूळ कुरिअरनं जाणार, त्याला नकाशावरचा ठिपका काय कामाचा? आमच्या पेढीवर आम्ही कोल्हापुरी साजाच्या पानांवर लिहिलंय. कोणतं पान कशाचं, दशावतारांची कुठली, अष्टमंगलाची कुठली, माणकाचं आणि पाचूचं कुठं बसतं, प्रत्येकाचा जवळून फोटो. लग्न ठरलेल्या मुली ते बघून येतात आणि पान दाखवून विचारतात. असं लिहिलेलं दुसरीकडं कुठंही नाही. आमच्या काउंटरवरचा मुलगा स्वतः लिहितो, एक पैसा खर्च नाही.

रंकाळा_संध्याकाळ
गूळवाली ताई, बाकी सगळं नंतर. आधी एक करून बघा. गुगलच्या चौकटीत इंग्रजीत साइट हा शब्द, लगेच कोलन, मग जागा न सोडता तुमच्या साइटचा पत्ता. किती पानं येतात ते इथं सांगा.

आणि वेब_राजारामपुरी, मेटा कीवर्डकडं क्रम लावताना बघत नाही हे गुगलनं 2009 मध्येच जाहीर केलंय. शब्दसंख्येचाही तसा नियम नाही. फोटोचं तुमचं म्हणणं मात्र पूर्ण बरोबर.

वेब_राजारामपुरी
मी आजवर जेवढ्या साइट वर आणल्या त्यात कीवर्ड भरले होते.

रंकाळा_संध्याकाळ
वेग आणि शीर्षकंही नीट केली असतील. त्यानं वर आल्या.

गूळवाली_करवीर
करून बघितलं. एकही पान येत नाही. "कोणतेही परिणाम नाहीत" असं येतंय. दोनदा टाकलं.

रंकाळा_संध्याकाळ
वर्डप्रेसमध्ये आत जा. सेटिंग्ज, मग रीडिंग. अगदी खाली सर्च इंजिनांना या साइटची नोंद घेऊ नका असं सांगणारी एक चौकट आहे. तिथं बरोबरची खूण आहे का बघा.

गूळवाली_करवीर
आहे! खूण आहे!! म्हणजे वर्षभर आम्हीच गुगलला येऊ नको म्हणत होतो? साइट बांधताना त्यानं लावली असणार आणि काढायची राहिली. मी वर्षभर सासऱ्यांना सांगतेय की लोक येतील, थोडं थांबा. आत्ता जेवायला बसलेत, त्यांना काय सांगू कळत नाही. मला रडायला आलंय.

रंकाळा_संध्याकाळ
खूण काढा, सेव्ह करा. मग गुगल सर्च कन्सोल (साइट गुगलवर कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच साधन), फुकट आहे, त्यात साइट जोडा आणि साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) द्या. काही दिवसांत पानं दिसायला लागतील, कधी दोन-तीन आठवडे लागतात. साइट बांधताना ही खूण मुद्दाम लावतात, अर्धवट पानं बाहेर जाऊ नयेत म्हणून. काढायची राहिलेली मी आधी पण बघितलीय. तुम्ही वेंधळ्या नाही.

चप्पललाईन_तिसरी_पिढी
आई शप्पथ. ताई, मी पण आमची जाऊन बघून आलो. नाहीये. पण घाम फुटला.

वेब_राजारामपुरी
मी तेच सांगणार होतो, तांत्रिक बाजू आधी तपासा.

पन्हाळा_रोड_होमस्टे
म्हणूनच म्हणलो प्रोफाइल भरा. तिथं असली खूण नसतीय.

शाहूपुरी_स्टार्टअप
आता मार्ग मोकळा झालाय तर वेळ घालवू नका. एआयकडून एका रविवारात 60 लेख होतात. मी मसाल्याच्या साइटसाठी केलं. महाराष्ट्रातल्या साठ तालुक्यांच्या नावानं एकेक पान, "अमुक गावात उत्तम गरम मसाला". पहिल्या महिन्यात आलेख असा उभा चढला, मी स्क्रीनशॉट जपून ठेवलाय.

रंकाळा_संध्याकाळ
आणि आत्ता?

शाहूपुरी_स्टार्टअप
आत्ता खाली आहे. मे महिन्यापासून. पण पहिल्या महिन्यात खरंच चढला होता.

रंकाळा_संध्याकाळ
मार्च 2024 पासून गुगलच्या नियमात हे स्पष्ट लिहिलंय. नुसतं सर्चमध्ये वर यायला, वाचणाऱ्याला काही न देणारी पानं ढिगानं टाकली तर ती स्पॅम धरतात. मशीननं लिहिली का माणसानं, यानं फरक पडत नाही. गावाचं नाव बदललं म्हणून मसाला बदलत नाही हे वाचणाऱ्यालाही कळतं. 60 मधली 55 काढून टाका.

अन्नपरवाना_सल्ला
माझा धंदा अन्न परवान्याचा, म्हणून एक काळजीनं सांगते. ताई, तुमच्या त्या 14 लेखांपैकी एकात "गुळाने मधुमेह नियंत्रणात राहतो" असं आहे. आजच काढा. जाहिरात आणि दाव्यांबद्दल एफएसएसएआयचे (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) 2018 चे नियम आहेत, अन्न विकणाऱ्यानं रोग बरा होतो असं म्हणता येत नाही. साइट तुमच्या नावावर, लेख कुणी लिहिला हे कुणी विचारणार नाही. त्याहून मोठी गोष्ट, एखादा साखरेचा पेशंट ते वाचून गूळ खाईल.

दुसरं, कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये जीआय मिळालाय, पण ते चिन्ह पाकिटावर किंवा साइटवर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. केलीय का?

गूळवाली_करवीर
तो लेख आत्ता काढला. मनापासून आभार. मी नीट वाचलाच नव्हता. जीआयची नोंदणी नाही केलेली, सासऱ्यांशी बोलते.

कांदालसूण_घरची
सगळ्यांचं वाचलं. मला ब्लॉगमधलं काही कळत नाही, मी घरून कांदा-लसूण मसाला विकते. पण विषय निघालाय म्हणून विचारते. मागच्या आषाढात माझ्या गुळाला पाणी सुटलं, बरणीत अक्षरशः तळं झालं. दुकानदार म्हणाला भेसळ आहे. फेकून दिला. खरंच भेसळ असते का?

गूळवाली_करवीर
अहो ताई, फेकायला नको होता! पाणी सुटलं म्हणजे भेसळ असं नसतं.

रस उकळताना त्यातली थोडी साखर फुटते, तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ही दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा म्हणजे ओला टॉवेलच. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस बांधावर पडून शिळा झाला की ही फूट जास्त होते, म्हणून सासरे तोडलेला ऊस त्याच दिवशी घाण्याला लावायचा हट्ट धरतात. रात्रीचे अकरा वाजले तरी चालतील, पण शिळा ऊस गाळत नाहीत.

दुसरं कारण पाकाचं. गुळाला काहील साधारण 118 अंशांवर उतरवावी लागते, काकवीची त्याच्या बरीच आधी. आमच्याकडं थर्मामीटर आहे, मीच आणलाय. तरी सासरे पळीनं पाक घेऊन गार पाण्याच्या वाटीत टाकतात, बोटांत त्याची गोळी वळतात आणि ती वाटीच्या कडेवर मारतात. टण् वाजली की "उतरवा". नाही वाजली तर अजून एक चिपाडाचा भारा चुलीत. घाईनं जरा आधी उतरवली तर गूळ मऊ राहतो आणि तोच पावसाळ्यात रडतो.

घरात करायचं काय, तर ढेप फोडून कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवा. ओला चमचा घालू नका. फ्रीजमध्ये ठेवायचा तर हवाबंद डब्यातच, आणि काढला की उघडा ठेवू नका, त्यावर दव धरतं. सुटलेलं पाणी गोडच असतं, आमटीत, पुरणात चालतं. आंबूस वास आला किंवा बुरशी दिसली तरच टाका.

आणि भेसळ बघायची तर गूळ पाण्यात विरघळवून ग्लास अर्धा तास ठेवा. पांढरा गाळ खाली बसला तर खडूची शंका घ्या. पिवळाधमक गूळ दिसला तर विचारा, हायड्रोस (रंग उजळवणारं रसायन) घातलंय का. आमचा गूळ तांबूस काळपट असतो, रस साफ करायला भेंडीच्या खोडाचं पाणी वापरतो. लोक विचारतात काळा का? म्हणून मला रोज सांगावं लागतं.

कांदालसूण_घरची
अगंबाई. मला आजपर्यंत कुणी असं सांगितलं नव्हतं. दोन किलो टाकला हो मी.

रंकाळा_संध्याकाळ
गूळवाली ताई, तुम्ही आत्ता वर जे लिहिलंय ते उचला आणि साइटवर टाका. हेच तुमचं पहिलं पान. शीर्षक "पावसाळ्यात गुळाला पाणी का सुटतं".

तुमचे 14 लेख वाचले. "10 फायदे" वर मोठमोठ्या आरोग्याच्या साइट, दवाखाने, वर्तमानपत्रं बसलेली आहेत, तिथं तुमची डाळ शिजणार नाही. शिजली तरी फायदे वाचायला आलेला माणूस फायदे वाचून जातो. बरणीत पाणी सुटलेली बाई मात्र गूळ विकत घेणारी आहे, आणि नाराज आहे. तिला खरं कारण सांगणारा पुढचा गूळ तिला विकणार. वाटीच्या कडेवर गोळी वाजवणारे सासरे दुसऱ्या कुणाच्या साइटवर नाहीत.

तुमच्या व्हॉट्सअॅपवर मागच्या वर्षभरात लोकांनी जे जे विचारलं ते वहीत उतरवा, त्यांच्याच शब्दांत. काळा का, रवा कसा फोडायचा, चिक्कीला कुठला, काकवी आणि मध यात फरक काय. एका प्रश्नाला एक पान. शीर्षकात तोच प्रश्न. पहिल्या दोन ओळीत सरळ उत्तर, खाली सविस्तर, शेवटी त्याच मालाची लिंक. आणि एका पानातून दुसऱ्या पानाला जोडा.

पानाचा पत्ता रोमन लिपीत लहानसा ठेवा. देवनागरी पत्त्यात एकेका अक्षराची, मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि वर्डप्रेस 200 चिन्हांवर कात्री लावतं. व्हॉट्सअॅपवर पाठवलं की टक्क्याच्या खुणांची माळ दिसते, लोक घाबरून उघडत नाहीत.

संक्रांतीचं पान जानेवारीत लिहू नका. गुगल ट्रेंड्सवर "तिळगूळ" टाकून बघा, दर जानेवारीत सुळका दिसेल. त्याआधी दोन-तीन महिने पान तिथं असायला हवं, म्हणजे दसऱ्यापर्यंत.

उद्यमनगर_कास्टिंग
मी पण तेच म्हणालो होतो. ब्लोहोल म्हणजे तुमचं पाणी सुटणं.

पुण्यातला_कोल्हापूरकर
सगळं पटलं, पण इंग्रजीत लिहा. पुण्यात आमच्या सोसायटीत निम्मे लोक मराठी वाचत नाहीत. बंगळूरला तर कोण वाचणार? जग बघा जरा.

गुजरी_साज
आमच्याकडं येणारे मराठीतच शोधतात.

रंकाळा_संध्याकाळ
मराठीतच, पण बरेच जण टाइप रोमन अक्षरांत करतात. त्यामुळं शीर्षकाखाली एका ओळीत तोच प्रश्न रोमनमध्ये लिहिलेला असला तर मला गैर वाटत नाही. इंग्रजी नंतर बघता येईल.

पुण्यातला_कोल्हापूरकर
नंतर नंतर म्हणत आपण मागे राहतो.

वेब_राजारामपुरी
आठवड्याला एक तरी लेख पाहिजे, नाहीतर गुगल साइट मेलेली समजतं. आणि जुने लेख काढू नका, पानं कमी होतात. रिराइट करा.

रंकाळा_संध्याकाळ
आठवड्याचं मला पटत नाही, पण जुने लेख लगेच उडवू नका यावर आमचं एकमत. ज्यात थोडं तथ्य आहे ते सुधारा.

पन्हाळा_रोड_होमस्टे
आणि रील्स. मी परत सांगतो, रील्स.

गूळवाली_करवीर
सगळ्यांचे आभार. दोन दिवस विचार केला, सासऱ्यांशी आणि ह्यांच्याशी बोलले. ठरवलंय ते सांगते, काहींना पटणार नाही.

जुने सगळे लेख काढून टाकले, एकही ठेवला नाही. सुधारा म्हणालात, पण ते आमचे नाहीत. आमच्या घरातल्या कुणी ते तसे बोललं नसतं, आणि त्यातल्या एकानं कुणाचं तरी नुकसान झालं असतं. मला ते आमच्या नावाखाली नको आहेत.

आठवड्याला लिहिणार नाही, महिन्याला एकच पान. गुऱ्हाळ सुरू झालं की मला रविवार पण मिळत नाही आणि घाईत लिहिलेलं मलाच वाचवत नाही. इंग्रजी नाही. लिहिणारा नाही. रील्स नाहीत, सासरे कॅमेऱ्यासमोर बोलत नाहीत, गप्प होतात. पण कॅमेरा नसला तर तासभर बोलतात. म्हणून या महिन्याच्या 2000 मधून कॉलरला लावायचा माइक घेतला, साडेआठशेला. ते काहिलीपाशी बोलतील, मी नंतर ऐकून लिहीन, त्यांच्याच शब्दांत. उरलेले पैसे तसेच ठेवलेत.

फोटो मात्र आजच लहान केले. आणि प्रत ठेवतेय, पन्हाळ्याच्या दादांचं वाचून पोटात कालवलं.

वेब_राजारामपुरी
महिन्याला एकानं काही होणार नाही, लिहून घ्या. 14 पानं होती, शून्य केली. वाईट वाटतंय.

चप्पललाईन_तिसरी_पिढी
मला पटलं. आमचं पण एकच पान चाललं होतं.

रंकाळा_संध्याकाळ
काढण्याबद्दल माझं मत अजून वेगळं आहे. पण माइकचं डोकं लई भारी. सर्च कन्सोलमध्ये क्वेरीचा तक्ता महिन्यातनं एकदा बघा, तिथं 16 महिन्यांचं साठतं. लोक कुठल्या शब्दांनी येतात ते तिथंच कळतं.

गूळवाली_करवीर (डिसेंबर)
बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून कळवते. पाच पानं झाली. पाणी सुटण्याचं पान सगळ्यात जास्त बघितलं जातंय, सप्टेंबरअखेर ते पहिल्या दहात दिसायला लागलं. तीन महिन्यांत ते सर्चमध्ये 640 वेळा दिसलं आणि 31 जणांनी उघडलं. आकडा लहान आहे, पण त्यातनं चार ऑर्डरी आल्या. एक नाशिकचे चिक्कीवाले आहेत, त्यांनी 50 किलोचा भाव विचारला आणि फोनवर पहिलंच वाक्य म्हणाले, "ते गोळी वाजवणारे बाबा तुमचेच काय?" सासऱ्यांना स्पीकरवर ऐकवलं. काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी आदण (काहिलीतला उकळता रस) उतरवताना मला हाक मारून जवळ उभं केलं आणि गोळी माझ्या हातात दिली, वाजवून बघ म्हणाले.

क्वेरीच्या तक्त्यात निम्मे शब्द रोमनमध्ये आहेत, ते रंकाळा दादांनी सांगितलं तसंच. एक नवल म्हणजे "काकवी किती दिवस टिकते" असं बरेच जण शोधतायत. हा प्रश्न माझ्या वहीत नव्हताच. पुढचं पान त्याचं.

संक्रांतीचं पान नोव्हेंबरात टाकलं, दसऱ्याला जमलं नाही. उशीर झालाय हे दिसतंय.

पुण्यातला_कोल्हापूरकर
अभिनंदन. इंग्रजीत असतं तर 31 चे 300 झाले असते.

कांदालसूण_घरची
गूळवाली ताई, मला 10 किलोचा एक रवा पाहिजे होता, संक्रांतीच्या आधी. मिळेल काय? आणि यंदा काचेची मोठी बरणी आणलीय.

गूळवाली_करवीर
मिळेल की. शनिवारी रात्री आदण आहे, रविवारी रवे निघतील. कोल्हापुरात असाल तर कुरिअर करू नका, लक्ष्मीपुरीत ह्यांच्याकडून घेऊन जा. गार झाल्याशिवाय झाकण लावू नका तेवढं.